नारळ देण्याआधी सोडलेली होडी

हिरूआत्या,

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे. हे तू बरोबर केलं नाहीस. सहा वर्षांत आपण जवळजवळ रोज भांडलो, पण प्रत्येक भांडण तू संध्याकाळच्या आत मिटवायचीस. मिटवायचीस म्हणजे माझी चूक माझ्याच तोंडून कबूल करून घ्यायचीस आणि मग भिंतीला टेकून निवांत मिश्री लावत बसायचीस. या वेळी मात्र बोलता बोलता तरातरा उठून गेलीस, दुसऱ्या दिवशी ताप भरला आणि पाचव्या दिवशी तू नव्हतीस. माझं उत्तर ऐकायला थांबली नाहीस. चांगलं उत्तर होतं गं, दोन दिवस घोकून तयार केलं होतं.

पालघरच्या कचेरीतून पत्र आलंय की बालवाडीच्या दिवंगत सेविकेविषयी चार ओळी पाठवाव्यात. जन्म, शिक्षण, सेवेचा काळ. जन्माचं विचारलं की तू म्हणायचीस, "मोटं वादल झालं ना, त्याच्या आदल्या साली." कुठलं वादळ, ते तुलाही माहीत नव्हतं. शिक्षणाच्या रकान्यात 'निरक्षर' लिहायला हात धजेना, आणि दुसरं काही लिहिलं तर कचेरीला पटणार नाही. तीन कागद फाडले आणि म्हटलं, तुलाच लिहावं. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मनात येईल ते लिहिता येतं, हा तेवढाच एक फायदा.

आधी भांडणाचं. माझ्या वहीत त्या आठवड्याचा विषय होता 'आपले मदतनीस'. मी पोस्टमन, डॉक्टर, शिपाई आणि शेतकरी यांची चित्रं काढून पडवीच्या भिंतीवर लावली. तू कमरेवर हात ठेवून एकेक चित्र पाहिलंस आणि विचारलंस, "मासलीवाली कुठं हाय?" मी म्हटलं, मासळी विकणं हा धंदा झाला, मदत नव्हे. तू म्हणालीस, "आनि ह्यो पोस्टमन काय धरमादाय फिरतो? माज्या जल्मात तीन चिठ्ठ्या आल्या, तिन्ही शेजारनीच्या. मासली मात्र रोज घरी येते." मी म्हटलं, माझ्या घरी येत नाही. झालं. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मीच भिंतीवरचं चुकीचं चित्र आहे, आणि उठून गेलीस.

ते चित्र मी नंतर काढलं आत्या. डोक्यावर पाटी, कासोटा मारलेलं लुगडं, सगळं काढलं. तोंड तुझ्यासारखं काढायला गेले ते शिपायासारखं झालं.

तुझी माझी पहिली भेट आठवते? चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी नाशिकहून इथे आले. वय वर्षं एकवीस, हातात बालवाडी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सोबत एक ट्रंक. बोईसरला गाडीतून उतरून एसटीने चिंचणी गाठली. थांब्यावर तू उभी होतीस. तू सरळ ट्रंक उचलून डोक्यावर घेतलीस. मला वाटलं हमालीण आहे. म्हटलं, "अहो बाई, जरा सांभाळून, आत काचेचं सामान आहे." तू मागे न बघता म्हणालीस, "काचेचा हाय तर इथं कशाला आनलास?" किनाऱ्यावरच्या तुमच्या पाड्यापर्यंत तू पुढे आणि मी मागे धावत. तिथे पोचल्यावर कळलं की जिच्या पडवीत बालवाडी भरणार ती तू, माझी मदतनीस तू, आणि मला 'मदतनीस' या शब्दाचा अर्थ पुन्हा शिकवणारीही तूच.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की लहान मुलाला पाटीसमोर कोंबायचं नाही, खेळातून शिकवायचं. दर आठवड्याला एक विषय घ्यायचा आणि गाणी, गोष्टी, चित्रं, खेळ, सगळं त्या विषयाभोवती गुंफायचं. माझ्या जाड वहीत वर्षभराचे विषय आखलेले होते. पहिला आठवडा, 'फळे'. मी सफरचंदाचं चित्र वर धरलं. पोरं एका आवाजात ओरडली, टमाटा. द्राक्षं दाखवली, तर म्हणाली, हिरवी करवंदं. तू मागून म्हणालीस, "चिकू काढ, ताडगोला काढ. जे झाडावर दिसतं ते काढ की." मी म्हटलं, मुलांना नवं ज्ञान मिळायला नको का? तू म्हणालीस, "मिलूं दे, पन सफरचंद आनूनशान दाव. कागद चाटून काय कलतं?" मला राग आला होता. आठवडाभर मी सफरचंदाला चिकटून राहिले. शेवटी पोरांनीच माझी दया येऊन टमाट्याला सफरचंद म्हणायला सुरुवात केली.

मग 'भाजीबाजार'. मी मातीची वांगी, भेंड्या, कारली करून वाळवली, रंगवली. दुसऱ्या खेपेला पोरांच्या हातात ओली माती दिली आणि पाणी प्यायला आत गेले. परत येते तो माझा भाजीबाजार जाऊन मासळीबाजार झालेला. भेंडी लांबवून बोंबील, वांगं थापटून पापलेट. मुली फतकल मारून बसलेल्या. मी गिऱ्हाईक झाले आणि पापलेटाला बोट लावून पाहिलं, तर चार वर्षांच्या मथीने मला जी शिवी हासडली तिचा अर्थ तू मला तीन वर्षांनी सांगितलास. त्या दिवशी मात्र पदर तोंडात कोंबून आत पळालीस. मी वहीत लिहिलं, 'मुलांचा शब्दसंग्रह चांगला आहे.'

आणि ते मणी! लहान-मोठं, जाड-बारीक ओळखण्यासाठी मी खास नाशिकहून रंगीत मणी आणले होते. एक आठवडा गेला, पोरांना मण्यांत राम वाटेना. एक मणी पांडूच्या नाकात गेला, तो तू तपकीर हुंगवून काढलास. दुसऱ्या दिवशी तू टोपली घेऊन आलीस आणि पडवीभर ओतलीस. सुके बोंबील, मांदेली, जवळा. मी नाकाला पदर लावून अंगणात. आतून तुझा आवाज, "मोटा बोंबील हिकडं, बारका तिकडं, जवला मधी." पाच मिनिटांत वीस पोरांनी सगळी टोपली निवडून, लावून, मोजून ठेवली. त्यांचे हात घरी रोज तेच करत होते, मला ठाऊकच नव्हतं. मी बाहेरून ओरडले, मासे तोंडात घालतील! तू म्हणालीस, "मनी खाल्ला तर नाकात जातो, बोंबील खाल्ला तर पोटात. कुठला बरा?" मी मणी ट्रंकेत टाकले. फक्त तेव्हापासून वर्गात चार मांजरं कायमची दाखल झाली आणि हजेरी घेताना पोरं त्यांच्याही वतीने 'हजर' म्हणायला लागली.

पण खरी गोष्ट होडीची. ती मला आज नीट सांगू दे, कारण तुझ्या तोंडून ती पाड्यात इतक्यांदा सांगून झाली आहे की दर वेळी मी आणखी मूर्ख होत जाते.

मी आल्याला वर्ष झालं होतं. तारापूरला ते मोठं वीजकेंद्र बांधायला घेतलं होतं आणि तुझा भाचा गोविंद तिथे कामाला लागला होता. यंत्रं ज्यात बांधून येत तसलं एक थोरलं लाकडी खोकं टाकून दिलं होतं, ते तो मागून घेऊन आला. मी हरखून गेले. वहीत पुढच्याच आठवड्याचा विषय होता, 'समुद्र व होडी'. मी त्या खोक्याला नाक काढलं, शीड म्हणून माझी चादर लावली, बाजूला निळ्या रंगाने मासा रंगवला. मासा पाहून तू म्हणालीस, "ही म्हस हाय का?" मी लक्ष दिलं नाही.

महिना आषाढाचा. अंगणात घोटाभर पाणी साचलेलं. मी टाळ्या वाजवून म्हटलं, चला, आपली होडी समुद्रात निघाली! एकही पोर हललं नाही. एरवी माझ्या ट्रंकेत शिरून झोपणारी पोरं ती. पांडू, म्हणजे रामजीबाबा तांडेलाचा नातू, खाली बघत म्हणाला, "नारल नाय दिला." मी विचारलं, कसला नारळ? तो म्हणाला, "अजून नारल नाय दिला. आता नाय जायचा."

मला नारळी पौर्णिमा म्हणजे नारळीभात, एवढंच ठाऊक. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवतात आणि पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात लोटत नाही, हे मला कोण सांगणार? तू सांगितलं असतंस, पण तू त्या दिवशी नेमकी चिंचणीला गेली होतीस. मला वाटलं, मुलं भित्री आहेत, भीती घालवली पाहिजे. प्रशिक्षणात तसंच होतं. मी पांडूला उचललं, खोक्यात बसवलं आणि दिलं ढकलून. खोकं तीन हात गेलं आणि तिथेच रुतलं. पांडूने असा टाहो फोडला की समोरच्या घरांतून बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. बाकीची पोरं एव्हाना घराघरांत जाऊन सांगत सुटली होती, मास्तरीणबायनं होडी सोडली, नारल न देता सोडली, पांड्याला घालून सोडली.

दुपारी वारा सुटला आणि रामजीबाबाच्या घराची चार कौलं उडाली. आषाढात वारा सुटायचाच. हे मी तेव्हाही म्हटलं, पण ऐकायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत चार मांजरं आली. फक्त चार मांजरं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पालघरहून तपासणीच्या बाई येणार होत्या. पटावरची निम्मी मुलं तरी समोर दिसली नाहीत तर बालवाडी बंद, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मी खांबाला टेकून रडत होते. तू मिश्री लावत होतीस. मी म्हटलं, "आत्या, अगं ते खोकं आहे! खोटी-खोटी होडी आहे ती!" तू थुंकून आलीस, तोंड धुतलंस, आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "खोकं तुजं. पोरांची ती होडीच हाय. तूच सांगतेस ना, पोरांचा खेल म्हंजे त्यांचा खरा काम? वहीत लिवलंय ना? मग आता तुलाच खोटा वाटतो व्हय?"

आत्या, प्रशिक्षणाच्या सहा महिन्यांत तीन तज्ज्ञ बायकांनी मला ते वाक्य लिहून दिलं होतं. त्याचा अर्थ कळला तो तुझ्या ओसरीवर, नाक पुसताना.

मग तू मला दंडाला धरून रामजीबाबाकडे नेलंस. पाड्यातला सगळ्यात जुना तांडेल. त्याने शब्द दिला की होडी सुटायची, त्याने हात वर केला की थांबायची. तो कौलांचे तुकडे समोर मांडून बसला होता, जणू पुरावा. तू दारातच सुरुवात केलीस, "बाबा, ही पोर डोंगराकडची, हिला दर्याचं काय म्हाईत." मी नाशिकची, पण म्हटलं राहू दे. बाबाने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"होडीत कोन व्हता?"

"तुमचा पांड्या," तू म्हणालीस.

"दुसरा कोन?"

"कोन नाय."

"जालं व्हतं?"

"नाय."

"वल्हं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली. वल्ही मी दुसऱ्या दिवशी करणार होते.

बाबा बराच वेळ विचार करत बसला. मला हसू येतंय की रडू, कळेना. एका म्हाताऱ्या माणसाने मशिनच्या खोक्यावर इतका गंभीर विचार केलेला मी पाहिला नव्हता. शेवटी तो म्हणाला, "जालं नाय, वल्हं नाय, तांडेल नाय. मंग ती होडी दर्याला गेली नाय. दोर तुटून व्हायली. व्हायलेली होडी वर आनायची असते, बस. त्यात नारलाचा काय संबंध नाय." आणि दाराबाहेर बघून ओरडला, "उद्या सकालच्याला सगल्यांनी या. बालवाडीची होडी व्हायलीय."

सकाळी सगळा पाडा आला. पावसाळा, होड्या वर, पुरुष घरात रिकामेच. दोरखंड आले, खाली घालायला ओंडके आले. घोटाभर पाण्यातून तीन हातांवरचं एक खोकं ओढायला चाळीस माणसं लागली, कारण पोरांनाही दोराला हात लावायचा होता आणि त्यांच्या आयांनाही. बाबा उंच जागी उभा राहून हात करत होता. "हय्या हो" म्हणत अख्खा पाडा ओढतोय, मध्येच दोर सोडून हसतोय, पांडू आता सगळ्यांच्या पुढे, होडीवरून वाचून आलेला एकमेव माणूस म्हणून त्याचा भाव वाढलेला. तू दोराच्या टोकाला, पदर खोचून. मलाही ओढून मध्ये घेतलंस. मी पडले. चिखलातून उठते तो समोर छत्री धरून तपासणीच्या बाई उभ्या.

त्यांनी विचारलं, "हे काय चाललं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "इशय चाललाय, बाय. समिंदर आनि होडी."

होडी वर आली. गोविंदने टेकू दिले, बायकांनी झावळ्या आणल्या आणि पोरांनी स्वतःच्या हाताने ती शाकारली. कुठे गाठ मारायची, कुठून पाणी शिरतं, ते बापांनी पोरांना दाखवलं. माझ्या वहीत त्या आठवड्यासाठी तीन गाणी आणि एक गोष्ट होती. त्यातलं एकही घेता आलं नाही. पौर्णिमा येईपर्यंत महिनाभर ती होडी झाकलेली राहिली आणि एकाही पोराने झावळी उचकटली नाही. पौर्णिमेला नारळ द्यायचा मान बाबाने मला दिला. माझ्या हातातला नारळ पाण्यात पडताना आपल्या वीस पोरांनी जो श्वास रोखला तो मी विसरणार नाही. मग खोकं त्याच अंगणात, त्याच डबक्यात लोटलं आणि पांडू हसत हसत चढला.

आता एक कबुली. तपासणीच्या बाईंनी अहवालात लिहिलं होतं, 'पालकांचा सहभाग फार उत्तम. स्थानिक जीवनाची सांगड विषयाशी घालण्याचे शिक्षिकेचे कौशल्य प्रशंसनीय.' शिक्षिकेचे. त्यात तुझं नाव कुठेच नव्हतं. तू विचारलंस, काय लिवलंय? मी म्हटलं, चांगलं लिहिलंय. तू म्हणालीस, बरं झालं. मी पुढे वाचून दाखवलं नाही. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा ते वाक्य जास्त आवडलं होतं. मी तो कागद आईला दाखवायला नाशिकला घेऊन गेले. आत्या, ते कौशल्य तुझं होतं. हे मी पाच वर्षं तुझ्याजवळ बसून एकदाही म्हटलं नाही.

तूही काही कमी नव्हतीस म्हणा. सहा वर्षांत तू मला एकदाही बरं म्हटलं नाहीस. मी गाणं म्हटलं की तू म्हणायचीस, हलू, मांजरं पलतील. मी नाटुकलं बसवलं की तू विचारायचीस, संपला का? परवा-परवापर्यंत, सहा वर्षांनंतरही, पोरांसमोर माझ्या हातातली वही काढून घेऊन वर फळीवर ठेवायचीस. मी स्वतःला सांगायची, मला कुणाच्या शाबासकीची गरज नाही. खोटं होतं ते. मी रोज संध्याकाळी वाट बघायची की आज तरी म्हणेल.

आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दादाने नाशिकला माझ्यासाठी जागा पाहिली आहे. शिशुवर्गाची शिक्षिका. पक्की इमारत, बुटकी टेबलं, मुलांच्या चपला ठेवायला फळी. त्याचं पत्र आलं तेव्हा तू चांगली होतीस. आठवडाभर मी ते पिशवीत घेऊन फिरले. तुला विचारायचं होतं, जाऊ का राहू? तू काय म्हणशील याची भीती वाटत होती. तू 'जा' म्हणाली असतीस तर मला ते सोसलं नसतं, आणि 'राहा' म्हणणं तुझ्या स्वभावात नव्हतं. म्हणून विषय काढला नाही, आणि त्याऐवजी पोस्टमनवरून भांडले.

तू गेल्यावर पडवी बंद झाली. सुतक. गोविंदची बायको जना म्हणाली, "पडवी तुमचीच हाय बाय, आत्यानं सांगून ठेवलंय. पन पोरांना आननार कोन?" तिचं खरं होतं. रोज सकाळी तू पाड्यातून ओरडत निघायचीस, एक काखेत, दोन हाताला, बाकीची मागून, रडणारं पुढे घालून. मी त्या वेळी पडवीत वही उघडून तुमची वाट बघत बसलेली असायची. सहा वर्षांत एकाही पोराला मी घरून आणलेलं नाही. मला घरंसुद्धा नीट ठाऊक नव्हती. दहा दिवस मी खोलीत बसून हाच हिशेब केला की या बालवाडीत माझं असं काय आहे, आणि दर वेळी उत्तर आलं, वही. दादाला होकार लिहायला घेतला. मला तुझी आठवण येत होती आत्या. दुसरं काही नाही, सरळ आठवण येत होती. जेवताना, नळावर, कुणी मोठ्याने बोललं की.

काल दहावं झालं. आज सकाळी म्हटलं, जायचंच असेल तर निदान पोरांना एकदा गोळा करून, गोष्ट सांगून, निरोप घेऊन जावं. तुझ्यासारखी पाड्यातून निघाले. तुझ्यासारखं ओरडून पाहिलं, पण एकही पोर बाहेर आलं नाही. पांडूच्या घरी गेले, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीसाठी. पांडू आता मोठ्या शाळेत जातो. तिची आई म्हणाली, "ती कवाच गेली." पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. सात घरं झाली, सगळी पोरं कुठेतरी गेलेली. मला वाटलं, संपली बालवाडी, दहा दिवसांत विसरली.

आवाज आला तो किनाऱ्याकडून. बोंबील वाळत घालायच्या बांबूंखाली, सावलीत, सगळी पोरं ओळीने बसली होती. ती बालवाडी-बालवाडी खेळत होती. मथीची धाकटी बहीण यमी मास्तरीण झाली होती. तिने फुटकं कौल वहीसारखं हातात धरलं होतं आणि नाक वर करून म्हणत होती, "आज आपला विषय आहे." इतकं शुद्ध बोलत होती की मला माझीच लाज वाटली. आणि पांडूची बहीण सोनी तू झाली होतीस. कुणाचा तरी पंचा कासोट्यासारखा खोचून, बोट दातांवर घासत, ती म्हणाली, "इशय राहू दे. आधी पोरांचा नाक पूस." यमी म्हणाली, "आत्या, मध्ये बोलू नका." सोनीने तिच्या हातातलं कौल काढून घेतलं आणि उंच बांबूवर ठेवलं. पोरं खदाखदा हसली. मी किनाऱ्यावरच्या एका होडीच्या आडोशाला उभी राहून ऐकत होते. आपण दोघी त्यांच्या देखत काय काय करायचो, सगळं त्यांच्याकडे होतं. शब्दसुद्धा सुटला नव्हता.

तेवढ्यात यमीने, म्हणजे मी, ओळीतल्या एका लहानग्याला दरडावलं, "सरळ बस!" तो तीन वर्षांचा बाळ्या, याच दिवाळीत बालवाडीत आलेला. त्याने ओठ काढला आणि रडायला लागला. सोनी वाकली, त्याला काखेत उचललं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. हे ती मनाने करत नव्हती आत्या. इतकं सहज, इतकं तुझ्यासारखं, की हे तिने शंभरदा पाहिलं असणार, मी वहीत डोकं घालून बसलेली असताना. ती म्हणाली,

"भिऊं नको तिला. आयबापाला सोडून आपल्यासाठी आलीय ती, लांबून. चांगली हाय आपली बाय. शिकते हलूहलू."

मी तिथे वाळूत बसले. मग पोरांनी मला पाहिलं, यमी घाबरून पळाली आणि सोनी मात्र तशीच उभी राहिली. मला म्हणाली, मास्तरीण एक हाय, आत्या एक हाय, तुला पोर बनावं लागंल. मी ओळीच्या टोकाला जाऊन बसले.

दादाला आज दुपारी पत्र टाकलं. जमणार नाही असं कळवलं. कारण विचारेल म्हणून तेही लिहिलं की इथलं शिकणं अजून चालू आहे.